विंगलेटचा कोन राहू दे, आधी पंख काट्यावर ठेव

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि आमचं फायनल इयर आठवलं. दीड मीटरच्या मॉडेल विमानाला विंगलेट (पंखाच्या टोकाला वर वळवलेली छोटी पाती) लावले आणि उडायचा वेळ नऊ मिनिटांवरून साडेसातवर आला, कोन चुकला का, असं विचारलंयस. वजन किती वाढलं ते मात्र लिहिलं नाहीस.

आम्हीही बघितलं नव्हतं. बाल्साच्या हलक्या लाकडाचे विंगलेट, त्यावर ग्लास फायबर, एपॉक्सी सढळ हाताने. टोकाला लिफ्ट (वर उचलणारं बल) वाढली की पंखाच्या मुळावर ताण येतो, म्हणून तिथे कार्बनची पट्टी. शेवटी कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफाच्या काट्यावर सगळं ठेवलं, तर ११० ग्रॅम! मॉडेल १८०० ग्रॅमचं. वेग तोच ठेवला तर इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे लिफ्टपायी येणारा अवरोध, जो विंगलेटने कमी करायचा असतो, तो वजनाच्या वर्गाने वाढतो. वजन ६ टक्के, तर तो जवळजवळ १३ टक्के. विंगलेटने वाचवलेलं वजनानेच खाल्लं, वर विंगलेटच्या पृष्ठभागाचं घर्षण वेगळं.

हे कळेपर्यंत दोन महिने कोन बदलत बसलो, कारण विंड टनेलचं (वारा सोडून ड्रॅग मोजायच्या बोगद्याचं) रीडिंग. एका संस्थेत सह्यांसाठी तीन आठवडे खेटे घातले आणि त्यांनी एकाच वेगाला मोजून दिलं, सेकंदाला १६ मीटर. १० ला पण घ्या म्हटलं, तर वेळ संपली. आमच्या मॉडेलला १६ वर इंड्यूस्ड ड्रॅग एकूण ड्रॅगच्या सातवा हिस्सा, १० वर निम्मा. विंगलेटचं काम जिथे, तिथलंच रीडिंग नाही. अजून राग येतो.

एअरबस ए३२० या प्रवासी विमानाचं उदाहरण देऊ नकोस. तिथे ४ टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं ते लांब पल्ल्यावर. आणि त्या गटातल्या विमानांना स्पॅनची, म्हणजे पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीची, ३६ मीटरची मर्यादा असते, शार्कलेट (त्याचे विंगलेट) धरून ए३२० चा स्पॅन ३५.८ भरतो. आपल्या माळावर कसली मर्यादा? एटीआर ७२ या छोट्या प्रवासी विमानाला विंगलेट नाहीत, पंख लांब आणि अरुंद आहेत. माझं मत विचारशील तर स्पर्धेत स्पॅनची अट नसेल तर पंखच थोडा लांब कर. मी एरोस्पेसवाला नाही, उद्यमनगरात मशीन शॉप आहे, तेव्हा सरांनाही विचार.

आता एवढं कर. विंगलेट काढ, तेवढ्याच वजनाचं शिसं सीजीपाशी (गुरुत्वमध्याजवळ) टेपने चिकटव आणि उडव. वेळ साडेसातच आला तर दोष वजनाचा, वाढला तर विंगलेटचा. बॅटरी तीच, फुल चार्ज, सकाळी वारा सुटायच्या आत. उजळाईवाडीच्या बाजूला मात्र उडवू नकोस, विमानतळ आहे. दोन्ही वजनं आणि वेग इथे टाक, मी बघतो.