उपाशीपोटीच्या आकड्यावर विसंबू नका

तुमचे प्रश्न दोन. आईला कोविड झालाय, जेवण जात नाही, मग इन्सुलिन बंद ठेवायचं का? आणि मधुमेह्यांना हा आजार लवकर लागतो का?

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे. लवकर लागतो असं नाही, पण लागला तर जड जातो. २०२०च्या पहिल्या लाटेत इंग्लंडमधल्या रुग्णालयांत कोविडने दगावलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा मधुमेह्यांचा होता.

आता इन्सुलिन. पोटात अन्न नाही म्हणजे साखर उतरणार, हा हिशेब तापात चुकतो. आजारपणात शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं सोडतं, ती इन्सुलिनला जुमानत नाहीत आणि यकृत रक्तात साखर ओततच राहतं. त्यामुळे दिवसभर पुरणारं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. जेवणाआधीचं कमी करावं लागेल, पण तेही डॉक्टरांना आकडे सांगून. दर चार तासांनी साखर बघा, पाणी पाजत राहा.

गोळ्यांची पाकिटंही एकदा नीट वाचा. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. आजारपणात ही गोळी सहसा थांबवतात, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचू शकतात. उलट्या, पोटात दुखणं, धाप यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका.

डॉक्टरांनी कोविडसाठी स्टेरॉइड सुरू केलं तर माझी चूक करू नका. २०२१मध्ये मला सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड होतं. वहीत रोज उपाशीपोटीचा आकडा लिहायचो: ११८, ११२, १२१. मी खूश. चौथ्या दिवशी घसा सारखा कोरडा पडायला लागला म्हणून दुपारी चारला सहज बोट टोचलं, तर ३४२! सकाळच्या गोळीची साखर दुपारी-संध्याकाळी चढते आणि पहाटेपर्यंत उतरते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. (वीस वर्षांचा जुना मधुमेही मी, तरी ही गत.) म्हणून दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासाच.

पुढे उलटं झालं. स्टेरॉइड उतरवत आणलं, वाढवलेलं इन्सुलिन मात्र तेवढंच राहिलं. रात्री तीनला घामाने भिजून उठलो, साखर ५४. स्टेरॉइड कमी करायचा तक्ता डॉक्टर देतील, त्यातच प्रत्येक टप्प्यावर इन्सुलिन किती कमी करायचं तेही लिहून मागा.