अडकलेली लायब्ररी थांबवायची कशी?

प्रश्न: पायथनमधे प्रोग्राम लिहिलाय, त्यात पीडीएफमधला मजकूर काढायला बाहेरची एक लायब्ररी आहे. मधेच एखादी फाइल अशी येते की लायब्ररी आत गेली ती गेलीच, एरर नाही काही नाही. वेगळ्या थ्रेडमधे (त्याच प्रोग्रामच्या आत समांतर चालणारं काम) टाकून टाइमआउट लावला, टाइमआउट होतो पण सीपीयू तसाच पेटलेला. थ्रेड मारता येत नाही का? लायब्ररीचा कोड माझ्या हातात नाही.

उत्तर: टाइमआउट लागतो तो तुमच्या वाट बघण्याला, कामाला नाही. तुम्ही निघून आलात, थ्रेड आत चालूच आहे. आणि पायथनमधे थ्रेड मारायची सरळ सोय नाहीच. बाहेरून त्यात एक्सेप्शन, म्हणजे एरर, टाकायची एक युक्ती नेटवर फिरत असते पण ते एक्सेप्शन पायथन कोडवर परत आल्यावरच उठतं, म्हणजे लायब्ररी आतल्या सी भाषेतल्या कोडमधे अडकली असेल तर तुम्ही बसा वाट बघत.

जिथे सोय होती तिथेही पस्तावलेच लोक. जावाने थ्रेड-स्टॉप 1998 सालीच, 1.2 व्हर्जनमधे, वापरू नका म्हणून सांगितलं आणि जावा 20 मधे तर ते नुसतं एक्सेप्शन फेकायला लागलं. विंडोजचं टर्मिनेट-थ्रेड अजून आहे, पण मेलेल्या थ्रेडकडे हीपचं, म्हणजे सगळ्या थ्रेडच्या सामायिक मेमरीचं, लॉक असेल तर ते कधीच सुटत नाही, मग भलत्याच ठिकाणी कुणीतरी मेमरी मागतं आणि सगळा प्रोग्राम गप्प. असला बग शोधण्यापेक्षा क्रॅश परवडला.

म्हणून लायब्ररी वेगळ्या प्रोसेसमधेच, म्हणजे स्वतःची मेमरी असलेल्या स्वतंत्र प्रोग्राममधेच, टाका. प्रोसेस मेली की तिची मेमरी, तिच्या आतली लॉक, उघड्या फाइल्स ऑपरेटिंग सिस्टिम आवरते, तुमच्या प्रोग्रामला धक्का नाही, आणि लायब्ररी स्वतःच क्रॅश झाली तरी तेच. पायथनच्या मल्टिप्रोसेसिंगमधे एक वर्कर (काम करणारी प्रोसेस) उघडा, पाइपवरून, म्हणजे दोन प्रोसेसना जोडणाऱ्या नळीतून, फाइलचं नाव द्या, उत्तर आलं का बघणाऱ्या पोलला मुदत द्या, मुदत टळली की टर्मिनेट (थांब म्हणून सांगणं), दोनचार सेकंद जॉइन (ती संपायची वाट बघणं), तरी जिवंत असेल तर किल (जबरदस्तीने मारणं). किलनंतरही जॉइन करा, नाहीतर लिनक्सवर ती झॉम्बी होऊन, म्हणजे मेलेली पण सिस्टिमच्या यादीत तशीच, राहते. दर फाइलला नवी प्रोसेस नको, महाग पडतं, वर्कर मेला की दुसरा उघडायचा.

पाइपची भानगड मात्र सांभाळा. लिनक्सवर पाइपमधे साधारण 64 केबी मावतं, उत्तर मोठं असेल आणि तुम्ही वाचायच्या आधीच जॉइन केलंत तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतील आणि तुम्ही लायब्ररीला शिव्या घालाल! आणि वर्कर अनेक असतील तर सगळ्यांना उत्तरं टाकायला एकच क्यू (रांग) देऊ नका, लिहिता लिहिता एखादा मारला गेला की ती क्यू सगळ्यांसाठीच बिघडू शकते. प्रत्येकाला आपापला पाइप, मेला की तोही फेकून द्यायचा.

वर्कर डिस्कवर काही लिहीत असेल तर तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी रिनेम करा म्हणजे अर्धवट फाइल मागे राहिली तरी खरी समजून कुणी उचलणार नाही. आणि जिच्यावर वर्कर मेला ती पीडीएफ वेगळ्या यादीत टाका, नाहीतर नवा वर्कर पुन्हा तीच उचलेल.