नमुना उत्तर झाकून ठेवा

दर सत्राच्या तोंडावर तेच गोंधळ नव्या नावांनी येतात. गणित-संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे या खेपेचे काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : गणित घेऊ की संख्याशास्त्र? संख्याशास्त्रात गणित कमी असतं असं ऐकलंय.

चुकीचं ऐकलंय. सुरुवातीचे आलेख आणि सरासऱ्या बघून तसं वाटतं खरं. पण पुढे रिग्रेशन (माहितीवर रेषा बसवणं) मॅट्रिक्सवर उभं राहतं, संभाव्यता काढायला इंटिग्रेशन लागतं आणि लाइकलिहूड (माहिती मॉडेलशी किती जुळते त्याचं माप) कमाल करायला डेरिव्हेटिव्ह. दोन्ही विषयांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका चाळा, मग विभागातल्या शिक्षकांशी बोला. ठरवायचं त्यानंतर.

प्रश्न : कॅल्क्युलेटर कोणता घ्यावा?

परीक्षा विभागाच्या यादीत असेल तो. आधी यादी, मग दुकान.

प्रश्न : शाळेत गणितात कायम नव्वदच्या पुढे होतो. इथे रिअल ॲनालिसिसची सिद्धता वाचताना सगळं कळतं, परीक्षेत मात्र काही सुचत नाही. ‘हमखास येणाऱ्या 40 सिद्धता’ अशा विकतच्या नोट्स मिळाल्या आहेत. पाठ करू का?

नका करू. वाचताना कळतं म्हणजे एक ओळ आधीच्या ओळीतून निघते एवढं पटतं. ती ओळ तिथे सुचली कशी, हे छापील उत्तरात नसतं. ते लिहिणाऱ्याच्या कच्च्या कागदावर राहिलेलं असतं. तुम्हाला तोच कच्चा कागद हवा आहे, आणि तो विकत मिळत नाही.

सातत्य आणि एकसमान सातत्य यांच्या व्याख्या शेजारीशेजारी ठेवा. चिन्हं तीच, शेवटची असमानताही तीच. फरक आहे तो डेल्टा, म्हणजे बिंदूपासून किती अंतरात राहायचं तो आकडा, कधी ठरतो याचा. साध्या सातत्यात बिंदू आधी मिळतो, डेल्टा नंतर निवडायचा. एकसमान सातत्यात डेल्टा आधी सांगायचा, आणि तो सगळ्या बिंदूंना पुरला पाहिजे. पाठांतरात नेमका हाच क्रम उलटतो आणि मग ‘एकच शब्द इकडचा तिकडे झाला’ म्हणून गुणांसाठी अर्ज येतो. शब्द नव्हे, विधानच बदललेलं असतं.

हातानं करून बघा. एक्सचा वर्ग हे फंक्शन घ्या, एप्सिलॉन, म्हणजे फंक्शनच्या किमतीत चालणारा फरक, 1 ठेवा. एक्स 10 असेल तर डेल्टा 0.05 च्या आतच हवा, कारण 10.05 चा वर्ग 101.0025, म्हणजे फरक 1 च्या वर गेला. एक्स 1000 असेल तर 0.0005 सुद्धा चालत नाही. जितकं पुढे जाल तितका डेल्टा आकसतो, म्हणून सर्व वास्तव संख्यांना पुरेल असा एक डेल्टा नाहीच. पण 0 ते 1000 एवढ्यातच राहिलात, तर कुठल्याही दोन बिंदूंची बेरीज 2000 च्या वर जात नाही, डेल्टा 0.0004 घेतला की 2000 गुणिले 0.0004, फरक 0.8 च्या आत. एवढी आकडेमोड स्वतः केली की व्याख्या विसरायला होत नाही.

प्रत्येक प्रमेयाला हाच खाक्या ठेवा. विधान उतरवून पुस्तक मिटा आणि त्यातल्या संज्ञांच्या व्याख्या लिहा. एक अट काढल्यावर प्रमेय कुठे कोसळतं, त्याचं उदाहरण शोधा. मग वीस-पंचवीस मिनिटं झटा. अडलात तर उत्तराची एकच ओळ उघडून पुन्हा झाका. दोन दिवसांनी सगळं कोऱ्या कागदावर परत लिहा. आठवड्याला अशा तीन सिद्धता पुष्कळ झाल्या. फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स या वीस मिनिटांवरच घाला घालतात. एवढं करूनही अडलंच, तर तो कागद खाडाखोडीसकट शिक्षकांकडे न्या. नुसतं ‘काहीच कळत नाही’ म्हटलं, तर सुरुवात कुठून करायची हे त्यांनाही कळत नाही.

प्रश्न : प्रकल्पात पी-व्हॅल्यू 0.03 आली. म्हणजे निष्कर्ष 97 टक्के खरा, असं सीनियर म्हणतात.

सीनियर चुकतात. मुळात फरक नाहीच आणि मॉडेलची बाकी गृहीतकं बरोबर आहेत असं धरलं, तर एवढा किंवा याहून टोकाचा निकाल 3 टक्के वेळा येईल, इतकाच त्याचा अर्थ. समजा 1000 कल्पना तपासल्या, त्यातल्या 100 खऱ्या. चाचणीने त्यातल्या 80 पकडल्या. पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की ‘सिग्निफिकंट’ असं धरलं, तर उरलेल्या 900 खोट्या कल्पनांपैकी 5 टक्के, म्हणजे 45, उगाचच तशा ठरतील. 125 निकालांत 45 खोटे! संशोधकही यात इतके घसरत होते, की 2016 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढावं लागलं. किती चाचण्यांनंतर ही 0.03 हाती लागली, ते अहवालात लिहा. पुढच्या वेळी मार्गदर्शकांना माहिती गोळा करण्याआधी भेटा, नंतर नव्हे.

प्रश्न : ‘गणिताशिवाय तीन महिन्यांत डेटा सायंटिस्ट’ अशी जाहिरात आहे. फी भरू का?

तीन महिन्यांत सॉफ्टवेअरच्या आज्ञा येतील. आज्ञा दिली की ते उत्तर देतंच, रेषा बसवण्यासारखी माहिती असो वा नसो. संख्याशास्त्रज्ञ ॲन्स्कॉम्ब यांनी 1973 मध्ये चार छोटे संच दिले : सरासऱ्या जवळपास तंतोतंत सारख्या, सहसंबंध चारही ठिकाणी सुमारे 0.82, रिग्रेशनची रेषाही तीच. आलेख काढला की एकात वक्र दिसतो, तर एकात सगळी रेषा एकाच भरकटलेल्या बिंदूवर लटकलेली असते. हे ओळखायला ती जाहिरात शिकवणार आहे का, विचारा. फी परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या आणि पैसे भरण्याआधी विभागातल्या कुणाला तरी अभ्यासक्रम दाखवा.

प्रश्न : लिनिअर अल्जिब्रा राहिलाय. शेवटच्या वर्षी निवांत काढला तर चालेल?

नाही. त्यातल्या आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सशी जोडलेल्या खास संख्या) डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये येतात, मार्कोव्ह चेनमध्ये येतात, प्रिन्सिपल कंपोनंटमध्येही येतात. म्हणजे एक राहिलेला विषय आणखी तीन मागे ओढतो. पूर्वअटींचे नियम जागोजागी वेगळे असतात. अभ्यासक्रम समन्वयकांना याच आठवड्यात भेटा, जाताना तपासलेली उत्तरपत्रिका मिळत असेल तर ती घेऊन जा.