पाठ टेकायची कुठे?

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळ्यात सगळे विचारतात, कुठे जाऊ? दिवाळीनंतर विचारतात, कुठे झोपू? या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. घोडं सगळ्यांचं एकाच जागी अडलंय, बाहेरच्या रात्रीच्या मुक्कामाला, मग तो तंबूत असो की गाडीत.

ताई, डिसेंबरात दोन रात्री भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि दोन मुलं, नऊ आणि तेरा वर्षांची. मुलांना तंबूच हवा. बायको म्हणते, सात सीटची गाडी घेतलीय ती कशाला? मागच्या सीटा पाडू आणि सगळे आत झोपू. थंडी जास्त कुठे वाजेल?
– एक वाचक, चिंचवड

थंडी दोन्हीकडे वाजते, फक्त येण्याची वाट वेगळी. तंबूत ती खालून येते आणि पाठ धरते. गाडीत ती काचेतून आणि टपाच्या पत्र्यातून येते आणि गुडघे धरते, कारण गाडीत पाय सरळ करून झोपलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमच्याकडे बरीच वर्षं मारुती ओम्नी होती. मागे गादी टाकून आम्ही दोघं तिच्यात किती रात्री झोपलो असू, हिशेब नाही. पहिली रात्र रतनवाडीला, अमृतेश्वराच्या देवळापासून थोडं अलीकडे. चोराचिलटाच्या भीतीने सगळ्या काचा गच्च लावून घेतल्या. पहाटे साडेचारच्या सुमाराला माझ्या डाव्या पापणीवर टप्‌कन थेंब पडला. वाटलं, अवकाळी पाऊस आला आणि टप गळतंय. बॅटरी लावून पाहते तर मोदकपात्राच्या झाकणाला आतून येतो तसा टपाला घाम आलेला. काचांवरून ओघळ उतरून गादीची कड ओली, उशाशी ठेवलेला स्वेटरही ओला. बाहेर मात्र आकाश लख्ख. तो सगळा आमचाच श्वास होता. दोन माणसं रात्रभरात पेला-दोन पेले पाणी सहज हवेत सोडतात, तुम्ही तर चौघं. तेव्हा समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या हव्यातच. थंडी येईल, येऊ दे. कोरडी थंडी पांघरुणाने भागते, ओलीला इलाज नाही.

तंबूत हाच घाम येतो, पण तो वरच्या आवरणाला आतून येतो. आतला जाळीचा तंबू त्याला चिकटलेला नसला तर ओघळ बाहेरच्या बाहेर उतरतो. म्हणून भाड्याचा तंबू घेताना दुहेरी आहे का, ते विचारा. आणि वरचं आवरण खुंट्यांनी ताणून बसवा. सैल लोंबलं की आतल्याला टेकतं आणि मग पहाटे तुमच्या डोक्यावरही टप्‌.

खालच्या थंडीसाठी आमच्याकडे घोंगडीचा हिशेब असे, दोन अंगाखाली आणि एक अंगावर. लोक नेमकं उलटं करतात आणि रात्रभर कुडकुडतात. आता फोमच्या चटया मिळतात, त्या घ्या. हवा भरायच्या गाद्या मऊ असतात, पण साध्यात आत नुसती हवाच असते. ती गार पडली की पाठ बर्फावर टेकल्यासारखी होते.

दुसरं, तलावाच्या अगदी काठावर तंबू लावू नका. फोटो छान येतो हे कबूल. पण गार हवा जड असते. ती रात्री उतार धरून पाण्यासारखी खाली येते आणि तलावाच्या काठाशी साठते. चाळीस-पन्नास फूट वर सरकलात तर तोंडातून वाफ कमी निघेल.

आता मुद्द्याचं. चौघांनी गाडीत झोपू नका, तेरा वर्षांच्या मुलाचे पाय कोणाच्या तरी बरगडीत जाणार. तुम्ही आणि मुलं तंबूत झोपा, आणि वहिनींना गाडी एकटीला मिळू दे. वर्षातून दोन रात्री कोणी हाक मारत नाही असं सुख त्यांना मिळालं तर पुढच्या वर्षी त्याच आधी सामान बांधतील. तंबू गाडीपासून दहा-बारा पावलांवर ठेवा, गाडीचं तोंड रस्त्याकडे असू दे आणि किल्ली कुठे ठेवली ते दोघांनाही माहीत असू दे.

आणि चिंचवडकर, हे नीट वाचा. हीटर किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. तंबूत शेगडी घ्यायची नाही, निखारे विझत आलेले असले तरी नाही. इंजिनातून आणि निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस गुदमरून जागा होत नाही, तो नुसता आणखी गाढ झोपतो. हरिश्चंद्रगडावर एकदा आमच्याच गटातल्या दोघांनी घमेल्यात निखारे घालून तंबूत नेले होते. मी ते घमेलं उचलून बाहेर ओतलं. दोघं परतीच्या वाटेवर खिरेश्वरपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. चालेल मला. शिवाय डिसेंबरात गवत वाळलेलं असतं. तापलेला सायलेन्सर त्याच्यावर टेकला तर शेकोटी वेगळी पेटवायला नको. बॅटरीवरची गाडी असेल तर धुराचा प्रश्न नाही, पण मग सकाळी परत जाण्यापुरतं चार्जिंग उरतंय का, ते बघून घ्या.

गेल्या जूनमध्ये काजवे बघायला गेलो आणि रात्री वळवाने असं झोडपलं की तंबू सोडून गावात पळालो. पावसात तंबू लावायची काही रीत आहे का?
– एक वाचक, ठाणे

रीत आहे, आणि ती मी फजिती करून घेऊन शिकले.

साम्रदच्या बाजूला जूनचा पहिला आठवडा. अंधार पडत आलेला. अंगणासारखा सपाट, दगड नसलेला, चारी बाजूंनी छान बांध घातलेला एक तुकडा दिसला. मी म्हटलं, देवानेच दिलाय. गावातली एक आजी गुरं घेऊन चालली होती. ती थांबली, आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "पानी आलं म्हंजी बगा." बारानंतर पानी आलं. तंबूचा तळ पाणी धरणारा होता, म्हणून आधी कळलंच नाही. कूस बदलली तर खालची जमीन हलली. हाताने दाबलं तर तळ खालून फुगून वर आला. आम्ही पाण्यावर झोपलो होतो! ते भाताचं खाचर होतं. पाणी अडवायलाच बांधलेलं. माझ्यासारख्या नाशिकात वाढलेल्या बाईला सपाट दिसलं की झोपावंसं वाटतं, आणि सपाट का आहे हे विचारावंसं वाटत नाही.

तेव्हा किंचित उताराची जागा धरा आणि डोकं चढाकडे ठेवा. खाचर नको, ओढ्याचं पात्र नको, वाळलेला काटका-कचरा एका रेषेत अडकलेला दिसेल तिथे नको, कारण ती मागच्या पुराची खूण असते. तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक तळाच्या बाहेर डोकावू देऊ नका. नाहीतर वरून ओघळलेलं सगळं पाणी ते स्वतःच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणतं.

पण पाऊस एकवेळ परवडला, वळवातली वीज नाही. इथे तंबू-गाडी असा वाद मी घालतच नाही. तंबू विजेपासून काडीचंही संरक्षण देत नाही. पत्र्याचं टप असलेली बंद गाडी देते, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. तो आधार पत्र्याचा असतो, रबरी टायरचा नव्हे. कापडी टपाच्या जीपला म्हणूनच यात धरू नका. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. पण हिशेब करत बसू नका, गडगडाट ऐकू आला की उठा, पोरं उचला, गाडीत बसा, काचा वर करा, दाराच्या धातूला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. गाडी लांब लावून तंबू आडरानात ठोकणारे काजव्यांच्या दिवसांत दिसले की माझं डोकं फिरतं.

मी २६ वर्षांची आहे. एकटीने हॅचबॅक घेऊन हरिहरेश्वर ते गुहागर आणि पुढे गोव्यापर्यंत जायचा विचार आहे. रात्री गाडीत झोपले तर चालेल का? घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

अगं, आधी घरच्यांना सांग. परवानगीसाठी नाही, रात्री तू कुठे आहेस हे एका माणसाला माहीत असावं म्हणून.

एकटीला गाडी बरी, तिला कुलूप असतं. तंबूची चेन फार तर डास अडवते. पण कोकणात गाडीतली खरी अडचण वेगळीच. काच लावली तर उकडून जीव जातो आणि उघडली तर कुलपाला अर्थ राहत नाही. यावर मला एकच उपाय सापडलाय. रस्त्याकडेला झोपायचंच नाही. संध्याकाळी पाचच्या आत गावात शिरायचं, घरगुती खानावळीत जेवण सांगायचं आणि मालकिणीला विचारायचं, "काकू, गाडी तुमच्या अंगणात लावून आतच झोपले तर चालेल?" दहातल्या सात जणी "गाडीत कशाला, घरात झोप की गं" म्हणतात, आणि उरलेल्या तिघी नळ आणि संडास दाखवतात. अंगणात असलीस की दोन काचा चार बोटं खाली घे, वर मच्छरदाणीचं कापड दारात चिमटून लाव. बाकीच्या काचांना आतून काळं कापड. नारळाखाली गाडी लावू नकोस. झावळी पडली तर आवाजानेच अर्धमेली होशील, नारळ पडला तर काच गेली.

वाळूवर गाडी नेऊ नकोस. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते. काल रात्री कोरडी होती ती जागा आज त्याच वेळी कोरडी असेल असं नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक आणि दारू या दोन्हींना बंदी आहे. २०१९ मध्ये कायद्यात ती भर पडली आणि तेव्हा एकट्याला २,००० रुपये दंड ठेवला होता. म्हणजे स्टोव्ह डिकीतच राहू दे.

रात्रीचे फोटो दुसऱ्या गावी पोचल्यावर टाक. आणि ११२ हा नंबर पाठ असू दे.

आम्ही दोघं साठी ओलांडलेले. हिच्या गुडघ्यांची वाटी झिजलीय. मुलगा टपावरचा तंबू घेऊ म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

घेऊ नका. रात्री दोनला झोपेत शिडी उतरायची, तीही दुखऱ्या गुडघ्यांनी? ते तंबू पन्नास-साठ किलोंचे असतात, लहान गाडीच्या टपाला किती वजन चालतं ते तिच्या पुस्तिकेतच बघावं लागतं, आणि सकाळी दूध आणायला जायचं तर अख्खं घर आवरून जायचं.

जमिनीवरचा बुटका तंबूही वहिनींना नको. त्यातून बाहेर पडायला आधी गुडघ्यांवर यावं लागतं. आत उभं राहता येईल असा उंच तंबू आणि दोन घडीच्या खाटा, किंवा मग सरकत्या दाराची व्हॅन. आमच्या ओम्नीचा सगळ्यात मोठा गुण हाच होता. दार सरकवलं की गादीच्या कडेवर बसायचं, पाय जमिनीला टेकायचे, चप्पल घालायची, उठायचं. माझ्या सासूबाई सत्तरीत तिच्यात झोपायच्या आणि उठताना कोणाचा हात घ्यायच्या नाहीत.

व्हॅनमध्ये फळी टाकाल तर उचलून काढता येईल अशी टाका. सीटा उखडून पक्का पलंग ठोकला तर गाडीची मूळ रचना बदलू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि विम्याच्या वेळी वाद होतो तो निराळाच. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यामुळे तयार कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन दोन रात्री करून बघणंही शक्य आहे. तीस-चाळीस हजारांची खरेदी करण्याआधी ते करा.

ताई, आम्ही अकोल्याजवळ मामाच्या शेतात तंबू लावणार आहोत. अहिल्यानगरचं अकोले, विदर्भातलं नाही. रात्री बिबट्या तंबूत येतो का? आमच्याबरोबर मोती पण असणार आहे.
– इयत्ता पाचवी, संगमनेर

पत्ता नीट लिहिलास, शाबास. अर्धे मोठे लोक लिहीत नाहीत.

त्या भागात बिबटे आहेत, तुझ्या मामालाही ठाऊक असेल. विद्या अत्रेय यांनी अकोले भागातल्या बिबट्यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. उसाच्या शेतांत, माणसांच्या इतक्या जवळ राहूनही ते बहुतेक वेळ माणसाच्या वाटेला जात नाहीत. बंद तंबू त्याला एक मोठा, विचित्र दगड वाटत असावा, असं आपलं माझं मत. तरी उसाला लागून तंबू लावू नका, घराजवळच्या मोकळ्या जागेत लावा. लहान मुलांनी मध्ये झोपायचं, मोठ्यांनी कडेला. आत खायचं काही ठेवायचं नाही. रात्री शू लागली तर मामाला उठवायचं, बॅटरी लावायची आणि मोठ्याने बोलत जायचं. एकट्याने अंधारात उकिडवं बसायचं नाही. सकाळी बूट झटकून घालायचे, हे बिबट्यासाठी नाही, विंचवासाठी.

आता मोती. त्याच अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. तेव्हा मोतीला तंबूबाहेर राखणीला बांधायचं नाही. त्याला मामाच्या घरात, दार लावून झोपव. रडेल थोडा.