इफेससला पहिल्यांदा जाताय? मुक्काम सेल्चुकला करा

इफेसस म्हणजे तुर्कस्तानातल्या प्राचीन ग्रीक-रोमन शहराचे अवशेष. समुद्रासाठी किनाऱ्यावरचं कुशादासी छानच, पण इफेससच्या आदल्या रात्री अवशेषांजवळच्या सेल्चुक गावात राहा. म्हणजे क्रूझवाल्यांच्या बस यायच्या आत, दार उघडताच आत शिरता येतं. वरच्या दरवाजातून सुरुवात करा, सगळा रस्ता उताराचा मिळतो. संगमरवरी फरशा झिजून गुळगुळीत झाल्यात, तेव्हा बूटच घाला. सावली जवळपास नाहीच.

सेल्ससच्या रोमनकालीन ग्रंथालयापाशी फोटो काढून लोक पुढे सटकतात. तुम्ही समोरच्या टेरेस हाउसेसमध्ये जाच! छताखाली जपलेली भित्तिचित्रं, मोझेइकची जमीन... रोमन काळातली श्रीमंत घरं इतक्या जवळून क्वचितच दिसतात. खाली नाट्यगृहासमोरून बंदराचा रस्ता जातो; नदीच्या गाळाने समुद्र मात्र काही किलोमीटर मागे सरलाय. ग्रीक देवी आर्टेमिसच्या मूर्ती सेल्चुकच्या संग्रहालयात आहेत, त्यासाठी दुपार राखून ठेवा.