पगाराची संध्याकाळ आणि इतर प्रश्न

प्रश्न : मुलाला दारू सोडून चार महिने झाले. नातेवाईक म्हणतात, वर्षभर घरीच ठेवा, नोकरीचं मग बघू. – एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, वर्षभर घरी बसवणं जास्त धोक्याचं. रिकामी दुपार आणि घरच्यांचे टोमणे, तलफेला दुसरं काय लागतं? ‘आधी पूर्ण बरा हो, मग काम’ ही समजूत आता मागे पडली आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी ‘आयपीएस’ (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, म्हणजे आधी नोकरी आणि सोबत आधार) ही पद्धत बसवली. व्यसनातून सावरणाऱ्यांसाठीही ती वापरली जाते. काम करायची इच्छा ही एकच अट. शोध महिन्याभरात सुरू, बाजारभावाची खरी नोकरी, आणि नोकरी लागल्यावरही साथ सुटत नाही. नोकरी शोधून देणारा कार्यकर्ता आणि डॉक्टर एकाच टीममध्ये असतात. त्या कार्यकर्त्याकडे वीसाहून जास्त माणसं असली, तर तो फक्त फोन करत बसतो.

जागा मात्र पारखून घ्या. सराफ्याच्या खाऊबाजारातला मध्यरात्रीनंतरही चालणारा ठेला नको. झोप मोडली की तलफ उसळते. पीथमपूरच्या कारखान्यात जायचं असेल तर रात्रपाळी आहे का, हे आधी विचारा.

प्रश्न : माझ्या दुकानात दारू सोडलेला एक मुलगा ठेवला आहे. पगाराच्या दिवशी धास्ती वाटते. – एक व्यापारी, सियागंज

उत्तर : धास्ती रास्त आहे. हातात एकरकमी पैसा आणि सुटीची संध्याकाळ, घसरण बहुतेक इथेच होते. त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने पगार दर आठवड्याला बँकेत द्या. त्या संध्याकाळी कोण घ्यायला येणार आणि घरचा रस्ता कुठला, हे दुपारीच ठरवा. आहाते, म्हणजे दुकानालगतच्या बसून प्यायच्या जागा, मध्य प्रदेशात एप्रिल २०२३ पासून बंद असले तरी दारूची दुकानं रस्त्यावरच आहेत. रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा दिवसही असाच आधी भरून ठेवा.

चार लोकांत तोंडाचा वास घेऊ नका. पिऊन आलाच, तर त्या दिवशी गाडी आणि यंत्रं नाहीत. घरी पाठवा, पण एकट्याला नव्हे. बोलणं दुसऱ्या दिवशी. पुन्हा रोज पिऊ लागून एकदम थांबला आणि थरथर, भ्रम किंवा फिट दिसली, तर ते नाटक समजू नका. थेट इस्पितळात न्या.

प्रश्न : दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामची गोळी (तिच्यावर दारू घेतली की त्रास होतो) चालू आहे. फर्निचर पॉलिशचं काम मिळतंय, घेऊ का?

उत्तर : नको. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये कालवतात. बंद खोलीतली वाफ आणि हातावरचं स्पिरिट यांनीही चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या सुरू होऊ शकतात, रक्तदाबही उतरू शकतो. शेवटच्या गोळीनंतरही हा धोका साधारण दोन आठवडे राहतो. त्याच कारखान्यात कापणी किंवा फिटिंग मागा. आफ्टरशेव्ह आणि सॅनिटायझरच्या बाटल्याही वाचून पाहा.

प्रश्न : शिवणकारखान्यात जाते. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की अंगाला कापरं भरतं. मालकांना पूर्वी घडलेलं सगळं सांगावं का? – एक भगिनी

उत्तर : सगळं नाही. काय घडलं ते तुमचं; सांगायचं ते एवढंच की तुम्हाला काय हवं आहे. ‘हाक समोरून मारा. मशीन भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल असं ठेवा. मंगळवारी चारला एक तास सुटी हवी.’ तुमच्या वतीने नोकरी शोधून देणारा कार्यकर्ता बोलणार असेल, तर हीच वाक्यं त्याला लिहून द्या. त्यापलीकडे एक शब्दही त्याने बोलायचा नाही.

दचकलात तर पहिलं काम पायडलवरून पाय काढणं. सुई बोटात जाते ती तेव्हाच. मग दोन्ही टाचा जमिनीला टेकवा, कापडाची किनार चिमटीत धरून हळूहळू चाचपा, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. रात्री पुन्हा त्रास झाला तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. व्यसनासाठी वेगळी लाइन आहे, १४४४६.