वाचकांचे प्रश्न : रात्रीचा रस्ता आणि जनावरं

प्रश्न : परळी-अंबाजोगाई भागात रात्री दुचाकीवरून येणं-जाणं असतं. रोही (नीलगाय), डुकरं एकदम आडवी येतात. अशा वेळी हँडल वळवून चुकवावं का? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : नाही. अचानक हँडल वळवलं की गाडी घसरते, नाहीतर समोरून येणाऱ्या वाहनावर जाते. हँडल सरळ ठेवा आणि दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावा. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय) असेल तर पूर्ण दाबून धरा. नसेल तर पुढचा ब्रेक आधी हलका लावून दाब वाढवत न्या, झटका दिला तर चाक जाम होतं. वेग पुरता उतरल्यावरच बाजू काढा, तीही जनावराच्या शेपटीकडून.

खरा बचाव त्याआधीचा, म्हणजे वेगाचा. डिपरच्या (खाली रोखलेल्या दिव्याच्या) उजेडात साधारण 40 ते 50 मीटरच नीट दिसतं. 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. जनावर ओळखून ब्रेक लागेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो आणि पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी 20 मीटर तरी लागतात. म्हणजे 60 लाच उजेड संपतो. 80 ला सत्तरेक मीटर लागतात, तिथे ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. दुचाकीवर रात्री 45-50 च्या पुढे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ओढ्याचे पूल आणि उसाच्या फडालगतचे रस्ते तर त्याहून हळू पार करा, कारण डुकरं तिथूनच बाहेर पडतात.

अप्पर (लांबवर जाणारा झोत) मारून ठेवला की रोही दिपून जागीच उभा राहतो, म्हणून जनावर दिसताच डिपर करा. हॉर्न लांबूनच, थोडका वाजवा. अगदी जवळ आल्यावर वाजवला तर बिथरून ते कुठेही उडी घेतं. एक डुक्कर गेलं म्हणून लगेच गाडी काढू नका, मागे बहुधा कळप असतो.

प्रश्न : आमच्या बैलगाड्या रात्री उसाच्या खेपा करतात. मागच्या वाहनाला दिसाव्यात म्हणून रेडियम लावलं आहे, तरी गाड्या धडकतात. (एक वाचक, माजलगाव)

उत्तर : रेडियम बहुतेक गाडीच्या चौकटीवर असतं आणि मागे लोंबणारे वाढे (उसाचे शेंडे) ते झाकून टाकतात. मोळ्या बांधून झाल्या की लाल परावर्तक पट्टी भाराच्या सर्वांत मागच्या टोकाला, डाव्या-उजव्या दोन्ही कडांना बांधा. एकच मधोमध बांधली तर गाडीची रुंदी कळत नाही. चिखल-धूळ रोज पुसा. म्हशींच्या गळ्यातही परावर्तक पट्टा हवा. काळी म्हैस पाठमोरी असली की डोळेसुद्धा चमकत नाहीत, अगदी जवळ येईपर्यंत ती दिसत नाही.

प्रश्न : धडक झालीच तर?

उत्तर : गाडी कडेला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा. माणूस जखमी असेल तर आधी 112. वन्यप्राणी असेल तर वनविभागाचा 1926, गुरं असतील तर पशुवैद्यकीय सेवेचा 1962. जखमी रोही किंवा डुकराजवळ जाऊ नका, ते उलटतात. मेलेला वन्यप्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरकारी मालमत्ता ठरतो, त्याचं मांस नेणं गुन्हा आहे. फोटो काढा, पंचनामा करून घ्या. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही, त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो.